सुपरफंड साइटजवळ घर घ्यावं का? ईपीएने 'साफ केलं' म्हणजे नेमकं काय केलं?

ओढ्याकाठी

नमस्कार मंडळी,

नऊ वर्षं न्यू जर्सीत एडिसनमध्ये भाड्याच्या घरात काढली, आता स्वतःचं घर बघतोय. साउथ प्लेनफील्डमध्ये एक अगदी मनासारखं सापडलंय. मागे मोकळी जागा भरपूर, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर. बायकोने अळू कुठे आणि मेथी कुठे, हेही ठरवून टाकलंय.

किंमत आजूबाजूच्या मानाने कमी वाटली म्हणून शोधाशोध केली, तर कॉर्नेल-डुबिलिए हे नाव समोर आलं. हॅमिल्टन बुलेव्हार्डवर २६ एकरांत कारखाना होता, १९३६ ते १९६२ इथे कपॅसिटर वगैरे बनायचे. त्यातली पीसीबी ही विषारी तेलकट रसायनं आणि टीसीई नावाचं सॉल्व्हंट तिथल्याच जमिनीत गेलं. १९९८ साली ईपीएने (अमेरिकेचं पर्यावरण खातं) ही जागा सुपरफंडच्या, म्हणजे फार दूषित जागा साफ करण्याच्या सरकारी योजनेच्या, राष्ट्रीय यादीत घातली. आम्ही बघितलेलं घर तिथून मैलभर असेल. पण परसातून उतरून गेलं की पाच मिनिटांवर बाउंड ब्रुक हा ओढा आहे, आणि त्या ओढ्यातले मासे खाऊ नका असा सरकारी इशारा आहे.

ईपीएच्या विभाग २ ने (न्यूयॉर्क, न्यू जर्सी, पोर्टो रिको आणि व्हर्जिन बेटं हा त्यांचा मुलूख) काय काय केलं ते वाचलं. इमारती पाडल्या, मातीवर प्रक्रिया केली. पण त्याच कागदात ओढ्याचं काम निराळं, भूजलाचं निराळं. दोन रात्री वाचून डोकं भणभणलं. एजंट म्हणतो, "सगळं कधीच क्लीन झालंय, काळजी करू नका."

माझा प्रश्न सरळ आहे. सरकारी खातं 'झालं' म्हणतं तेव्हा किती विश्वास ठेवायचा? मुलगी चार वर्षांची आहे, मातीत खेळणारी. जाणकारांनी कृपया लिहा.

अबोली

वाचतेय. आम्ही पिस्कॅटवेत राहतो, न्यू मार्केट पाँडवर मुलांना बदकं दाखवायला नेहमी नेतो. ते तळं त्याच ओढ्यावर आहे हे आत्ता नकाशात बघितलं.

एडिसनचे काका

अहो ओढ्याकाठी, इतकं घाबरून कसं चालेल? सुपरफंडच्या जागा सगळ्यात जास्त कुठल्या राज्यात असतील तर आपल्या न्यू जर्सीत. शंभराच्या वर आहेत. एडिसनमध्ये रारिटन नदीच्या काठी किन-बक नावाची कचराभूमी आहे, तीही त्या यादीतलीच. आम्ही तीस वर्षं इथे राहतोय, मुलं इथेच लहानाची मोठी झाली. यादीत नाव आहे म्हणजे निदान कोणाचं तरी लक्ष आहे. ज्या जागा यादीत नाहीत त्यांचं काय? घर आवडलंय ना, घेऊन टाका.

मृण्मयी_बी

काका, आदर राखून असहमत. "कोणाचं तरी लक्ष आहे" हे लक्ष आपोआप आलेलं नाही. नायगारा फॉल्स गावातल्या लव्ह कॅनॉलमध्ये २० हजार टनांहून जास्त रासायनिक कचरा पुरला होता. १९५३ मध्ये तो पुरणाऱ्या कंपनीने ती जमीन एक डॉलरला शाळा मंडळाला दिली, त्यावर शाळा बांधली गेली, भोवती घरं झाली. पुढे तळघरांत काळं पाणी पाझरायला लागलं. लोइस गिब्ज ही त्या वस्तीतली साधी गृहिणी, मुलगा शाळेत आजारी पडायला लागला म्हणून दारोदार फिरून तिने माहिती गोळा केली. १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर झाली, आणि त्या धक्क्यातून १९८० च्या डिसेंबरात सुपरफंडचा कायदा आला. त्या बायका "घर आवडलंय ना" म्हणून गप्प बसल्या असत्या तर ही यादीच नसती.

ओढ्याकाठी, तुम्ही प्रश्न विचारताय ते अगदी बरोबर करताय.

भूजलवाला

मी अठरा वर्षं पर्यावरण सल्लागार म्हणून काम करतोय, त्यातली बरीच न्यू जर्सीत. या जागेवर मी स्वतः काम केलेलं नाही, पण कागदपत्रं सगळ्यांना खुली आहेत आणि मी ती वाचली आहेत. जरा सविस्तर लिहितो.

गोंधळ होतो तो यामुळे, की आपण 'साइट' हा एक शब्द वापरतो आणि ईपीए तिचे तुकडे पाडतं. प्रत्येक तुकड्याचा तपास, निर्णय, काम निरनिराळं चालतं. कॉर्नेल-डुबिलिएचे चार तुकडे आहेत. पहिला शेजारपाजारची घरं आणि दुकानं. तिथल्या अंगणातली माती काढली, काही घरांच्या आतली धूळसुद्धा साफ केली. दुसरा म्हणजे खुद्द कारखान्याची जागा. १८ इमारती पाडल्या, पीसीबीची माती भट्टीत तापवून त्यातून पीसीबी वेगळे काढले, वर डांबराचं आच्छादन घातलं. हे काम २०१२ पर्यंत उरकलं. तुमचा एजंट 'क्लीन झालंय' म्हणतो ते या दोन तुकड्यांबद्दल असेल तर चूक नाही.

तिसरा तुकडा भूजल. इथे नीट लक्ष द्या. टीसीई पाण्यापेक्षा जड, खाली खाली उतरत जातं. इथला खडक भेगाळलेला आहे. भेगांमधून ते गेलं आणि खडकाच्या अंगात मुरलं. माठाच्या भिंतीत पाणी मुरतं ना, तसं. माठ रिकामा केला तरी भिंत ओलीच राहते आणि आत पुन्हा थेंब जमतात. २०१२ च्या निर्णयात ईपीएने स्पष्ट लिहून टाकलं, की हे भूजल पिण्याच्या दर्जाला परत आणणं तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही. म्हणून मोजत राहायचं, ते पाणी कोणी वापरू नये अशी बंधनं घालायची, आणि जमिनीतून वाफ घरात शिरते का यावर नजर ठेवायची. तिथलं भूजल साफ झालेलं नाही, आणि जवळच्या काळात होणारही नाही.

चौथा तुकडा तुमचा ओढा. त्याचा निर्णय २०१५ चा. गाळ काढायचा, काठची पूरमैदानातली माती काढायची, पुरलेले कपॅसिटर उकरायचे. पीसीबीचा स्वभाव टीसीईच्या उलट. पाण्यात विरघळत नाही, गाळाला चिकटतं, तिथून किड्यांत, किड्यांतून माशांच्या चरबीत. म्हणून बंदी माशांवर आहे. ओढ्याकडे नुसतं बघितल्याने काही होत नाही, अबोलीताई, बदकं खुशाल दाखवा. घरी येऊन हात मात्र धुवा.

अबोली

धन्यवाद दादा, जीव भांड्यात पडला.

हडसनवाली

भूजलवाला, माठाचं उदाहरण फार नेमकं.

मी वर न्यूयॉर्क राज्यात सॅराटोगाच्या बाजूला राहते, म्हणून हडसन नदीचं थोडं लिहिते. तीही ईपीएच्या याच विभागाकडे आहे. फोर्ट एडवर्ड आणि हडसन फॉल्स इथल्या जनरल इलेक्ट्रिकच्या दोन कारखान्यांतून १९४७ ते १९७७ अशी तीस वर्षं नदीत पीसीबी जात होतं. ईपीएचा अंदाज १३ लाख पौंडांपर्यंत, म्हणजे जवळपास सहा लाख किलो. १९८४ मध्ये नदीचा सुमारे २०० मैलांचा पट्टा यादीत आला. गाळ काढायचा निर्णय झाला २००२ मध्ये. प्रत्यक्ष गाळाला हात लागला २००९ मध्ये! मधली वर्षं, काढायचा की तसाच राहू द्यायचा, या भांडणात गेली. कंपनीचं म्हणणं, उकरलं तर तळाशी बसलेलं विष वर येईल, नदी आपोआप बरी होईल. आमच्याकडे गावंच्या गावं दुभंगली होती यावरून. अंगणाअंगणात दोन्ही बाजूंच्या पाट्या.

२०११ ते १५ काम जोरात होतं तेव्हा आम्ही उन्हाळ्यात नदीवर जायचो. रात्रीसुद्धा दिवे लावून काम. यंत्राचा जबडा दोन्ही बाजूंनी मिटत पाण्यात जायचा, काळा गाळ घेऊन वर यायचा, पाणी निथळू द्यायचे, मग बार्जमध्ये. बार्ज फोर्ट एडवर्डला, तिथे गाळ पिळून कोरडा करायचे आणि आगगाडीने दूरच्या कचराभूमीत पाठवायचे. एकंदर २७ लाख घनयार्डांच्या वर गाळ काढला, त्यातून ३ लाख पौंडांहून जास्त पीसीबी बाहेर गेलं. मग तळाला स्वच्छ वाळू-खडी टाकून पाण्याखालच्या वनस्पती लावल्या, एकेक रोप, पाणबुडे खाली जाऊन. माझ्या मुलाला ते इतकं आवडलं की तो घरी टबमध्ये तसं खेळायचा.

यंत्रं गेली, पण मासे अजून खाता येत नाहीत. आमच्या भागात मासा पकडला तर सोडून द्यायचा असा नियम आहे.

कट्टेकरी

म्हणजे इतका खर्च करून शेवटी माशांना आंघोळ घातली आणि सोडून दिलं :)

हडसनवाली

कट्टेकरी, हसू आलं खरं. पण काढला तो गाळ परत यायचा नाही, तेवढं तर झालं.

मृण्मयी_बी

आणि हीच नदी, हेच खातं, प्रगतीबद्दल काय म्हणतं ते बघा. कायद्याप्रमाणे जिथे काही मागे ठेवलंय तिथे दर पाच वर्षांनी आढावा घ्यावा लागतो. २०१९ च्या आढाव्यात ईपीए म्हणालं की उपाय पुरेसा आहे की नाही हे सांगायला माशांची माहिती अजून पुरेशी नाही. पण त्याच वर्षी काम पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र कंपनीला दिलं. न्यूयॉर्क राज्य त्याविरुद्ध कोर्टात गेलं आणि हरलं. त्यापुढच्या आढाव्यातही उत्तर तेच, अजून काही वर्षं थांबा. माझा राग आहे तो इथे. काम संपल्याचा कागद आधी आणि गुण आलाय का ते नंतर बघणार.

भूजलवाला

मृण्मयी, रागाचं कारण समजतं. पण एक बाजू मांडू द्या. माशातलं पीसीबी कमी व्हायला माशांच्या पिढ्या जाव्या लागतात, गाळ काढताना ढवळलेलं बसायला दोन-तीन वर्षं जातात. चार-पाच वर्षांच्या आकड्यांवर कल ठरवला तर आपणच त्यांना घाईबद्दल धरू. आढाव्यात "अजून सांगता येत नाही" असं छापील लिहिणारं खातं मला "झालं" म्हणणाऱ्या खात्यापेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं.

प्रमाणपत्राबाबत मात्र तुमच्या बाजूने. ते थांबू शकलं असतं.

पंचगंगेचा

कोल्हापुरातून लिहितोय. धागा दोन दिवस वाचतोय, राहवेना म्हणून लॉगिन केलं.

तुमच्याकडं नदी १९८४ ला यादीत गेली आणि २००९ ला गाळ निघाला, हे वाचून तुम्ही हळहळताय. आमच्याकडं पण यादी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशभरात ३५१ प्रदूषित नदीपट्टे, त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रातले, देशात सगळ्यात जास्त. २०२२ ला देशाचा आकडा ३११ वर उतरला आणि आपला ५५ वर चढला. त्यात आमची पंचगंगा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती, अशा पाच नद्या एकत्र होऊन ती शहराला येते, आणि शहर तिला जयंती नाला देतं. खाली इचलकरंजीत रंगाचं पाणी. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हा माझी चुलती आयजीएम रुग्णालयाच्या वॉर्डात होती, एका खाटेवर दोन-दोन पेशंट. ती वाचली. सगळी वाचली नाहीत.

आमचं शेत शिरोळ तालुक्यात. उन्हाळ्यात बंधाऱ्याला केंदाळ इतकं दाट लागतं की वरून कुत्रं चालत जाईल. एकदा तेरवाड बंधाऱ्यावर सकाळी गेलो तर पांढरी पट्टी दिसली पाण्याच्या कडेनं, लांबून वाटलं फेस. जवळ गेलो तर मासे. पोट वर करून, हजारोंनी, अजून काहींची तोंडं उघडझाप करत होती. अधिकारी येतात, बाटलीत पाणी भरून नेतात, पंचनामा होतो. तोवर धरणातनं पाणी सोडतात, नदी धुवून निघते, आणि पुढल्या साली परत तेच.

पण सगळं काळंच आहे असंही न्हाई. कसबा बावड्याचं ७६ एमएलडीचं (दिवसाला ७.६ कोटी लिटर) सांडपाणी केंद्र उभं राहिलं, दुधाळीचं झालं. पूर्वी सरळ नदीत जाणारं बरंच मैलापाणी आता तिथं वळतं. गणपतीत मूर्तीदान तर आता कोल्हापूरकरांच्या अंगवळणी पडलंय, माझी आजी पण देते. फरक दिसतो तिथं.

मला विचारायचं एवढंच, तिथं पैसा कोण भरतं? आमच्याकडं गाडं तिथंच अडतं.

एडिसनचे काका

पंचगंगेचा, फार तळमळीने लिहिलंत. चुलतीबाई आता बऱ्या आहेत हे वाचून बरं वाटलं.

दादूस_मालवणी

अवांतर करतंय, माफ करा. मी न्यू जर्सीतच हॅरिसनला राहतो, पासेइक नदीच्या काठी. नवीन आलो तेव्हा न्यूअर्क बेच्या बाजूला एक माणूस दोरीला कोंबडीची मान बांधून कुर्ल्या धरत होता. निळसर, भरलेल्या, आपल्या खाडीतल्यासारख्या. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. रविवारी मीही दोरी घेऊन गेलो. तिथे पाटी, खेकड्यावर फुली मारलेली, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये. एक म्हातारा पोर्तुगीज गृहस्थ म्हणाले, "ते खाऊ नको, त्यात डायॉक्सिन आहे."

घरी येऊन वाचलं. न्यूअर्कमध्ये डायमंड अल्कली नावाच्या कारखान्यात व्हिएतनाम युद्धातलं एजंट ऑरेंज हे झाडं मारणारं रसायन बनायचं. ते बनवताना तयार होणारं डायॉक्सिन हे विष नदीच्या गाळात. १९८३ मध्ये सापडलं, १९८४ मध्ये यादीत. नदीच्या खालच्या ८.३ मैलांसाठी ईपीएने निर्णय दिला २०१६ मध्ये. ३५ लाख घनयार्ड गाळ काढायचा, आणि काठापासून काठापर्यंत तळावर झाकण घालायचं. खर्चाचा अंदाज १३८ कोटी डॉलर.

बत्तीस वर्षं नुसती ठरवायला. कुर्ली तोपर्यंत किती पिढ्या जगली-मेली. मी खेकडा आता दुकानातला घेतो, पण काठावर उभा राहिलो की जीव तुटतो. माझ्या आजोबांनी कर्लीच्या खाडीत मला कुर्ली धरायला शिकवली, मी माझ्या मुलाला इथे शिकवू शकत नाही.

भूजलवाला

दादूस, अवांतर कसलं, अगदी विषयाला धरून आहे.

पंचगंगेचा, पैशाचं सांगतो. तत्त्व असं, की ज्याने घाण केली त्याने भरायचं, आणि कायदा मागच्या तारखेपासून लागू. म्हणजे १९५० मध्ये ते बेकायदा नव्हतं ही सबब चालत नाही. कंपनी विकली गेली असली तरी विकत घेणाऱ्याच्या मागे जातात. हडसनचा गाळ जनरल इलेक्ट्रिकच्या पैशाने निघाला, ईपीए देखरेखीला. जिथे कंपनीच उरली नाही तिथे निधी. हा निधी पूर्वी रसायन आणि तेल कंपन्यांवरच्या करातून भरायचा. तो कर १९९५ मध्ये संपला, मग सर्वसाधारण करदात्यांच्या पैशावर आला आणि कामं रेंगाळली. रसायनांवरचा कर २०२१ च्या कायद्याने परत आणला, तेलावरचा २०२२ च्या. प्रगतीचे आलेख बघताना ही मधली पंचवीसेक वर्षं लक्षात ठेवा. खातं तेच होतं, तिजोरी आटली होती.

भारतात २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम आले आहेत. जमिनीत मुरलेल्या जुन्या विषासाठी स्वतंत्र कायदेशीर चौकट तिथे पहिल्यांदाच झाली. दोषी सापडला तर त्याच्याकडून वसुली, नाही सापडला तर सरकारने करायचं. कागद चांगला आहे.

मृण्मयी_बी

भोपाळचा ३३७ टन विषारी कचरा कारखान्याच्या आवारातून हलायला २०२५ चा जानेवारी उजाडला. चाळीस वर्षं! आणि तिथलंही भूजल अजून मागेच आहे. भूजलवाल्यांचा माठ तिकडेही.

नीलपंख

मी पक्षीनिरीक्षक, म्हणून एक आनंदाची गोष्ट. १९८० च्या सुमाराला अख्ख्या न्यू जर्सीत टकल्या गरुडाचं एकच घरटं उरलं होतं. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं इतकी पातळ व्हायची की आई बसली की फुटायची. तेव्हा राज्याच्या लोकांनी अंडी काढून उबवली, पिल्लं परत घरट्यात ठेवली, बाहेरून पिल्लं आणून सोडली. आज अडीचशेच्या वर घरटी आहेत. मागच्या फेब्रुवारीत रारिटनवर नदी अर्धी गोठलेली होती, बर्फाच्या लादीवर एक गरुड मासा फाडत बसला होता आणि लादी हळूहळू वाहत चालली होती. मी हातमोजे काढून वीस मिनिटं दुर्बीण धरली, बोटं बधिर झाली, पण हलवेना.

मृण्मयी_बी

फार सुंदर. आणि तो जो मासा खात होता त्यातही पीसीबी असणार, हा विचार मनात आल्याशिवाय राहिला नाही.

नीलपंख

हो. पिल्लांच्या रक्ताचे नमुने घेतले जातात ते त्यासाठीच.

शमा_ब्रिजवॉटर

आमच्याकडचं कोणी लिहिलं नाही म्हणून. बालाजीच्या देवळाला येणाऱ्या सगळ्यांना ब्रिजवॉटर माहीत असतं, पण खाली रारिटनकाठी अमेरिकन सायनामिडची जागा आहे ती फारशी कोणाला माहीत नसते. चारशे एकरांच्या वर, १९१५ पासून रसायनं आणि औषधं. २०११ मध्ये आयरीन वादळात ती बरीचशी जागा पाण्याखाली गेली, बेंझीनच्या डांबरी तळ्यांसकट. त्यातलाच एक तुकडा आधीच साफ होऊन यादीतून सुटला होता, तिथे बेसबॉलचं स्टेडियम आहे. मुलांबरोबर आम्ही कितीदा बसलोय तिथे.

ओढ्याकाठी, तुमच्या ओढ्याला पूर येतो का ते आधी बघा. माझं घर सुपरफंडपेक्षा पुराने जास्त धुतलंय.

पंचगंगेचा

शमाताई, हे शंभर टक्के. २०१९ आणि २०२१ च्या पुरानं आमच्या रानात जो गाळ आणून टाकला तो कुठल्या कुठल्या नाल्याचा ते कोणी तपासलंच न्हाई. ऊस जोमानं आला म्हणून सगळी खूश. आत काय आलं ते ऊसालाच ठाऊक.

एडिसनचे काका

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळात आमच्या तळघरात कमरेएवढं पाणी होतं, आम्ही ते उपसून तोच गाळ फावड्याने परसात ओढला. ओढ्याकाठी, मी आधी "घेऊन टाका" म्हणालो ते मागे घेतो. तपासा आधी.

भूजलवाला

शमा, नेमकं बोललात. ओढ्याकाठी, तुमच्यासाठी प्रश्न आता नेमके करू या. सुपरफंड मैलभर आहे की दोन मैल, हा आकडा फारसा कामाचा नाही. घराला सार्वजनिक पाणीपुरवठा आहे ना, जुनी खासगी विहीर तर नाही ना? घर भूजलाच्या दूषित पट्ट्यावर येतं का? येत असेल तर तळघरात वाफेची तपासणी झाली होती का? ती अशी करतात: फरशीला बोटाएवढं भोक पाडून खालची हवा घेतात, आणि खोलीत कलिंगडाएवढा स्टीलचा गोळा चोवीस तास ठेवतात, तो हळूहळू हवा आत ओढतो. वाफ सापडली तर उपाय जमिनीतून येणाऱ्या रेडॉन वायूसारखाच, पाइप आणि पंखा. आणि तिसरं, परसाचा खालचा भाग ओढ्याच्या पूरमैदानात येतो का? तुमची मुलगी मातीत खेळणार आहे, त्यामुळे मला या तिसऱ्याची जास्त काळजी.

ईपीएकडे प्रत्येक जागेसाठी लोकसंपर्काचा माणूस नेमलेला असतो. पत्ता सांगून विचारा. हे विचारायला घराचं मालक असावं लागत नाही.

अबोली

आणि अळू? अळू कुठल्याही पाण्यावर वाढतं म्हणून आई मोरीच्या तोंडाशी लावायची. इथे तसं नको ना करायला?

भूजलवाला

पीसीबी झाडाच्या मुळातून पानात फारसं चढत नाही. धोका पानाला आणि कंदाला चिकटलेल्या मातीचा. पण शंका असलेल्या मातीत लावूच नका. लाकडी चौकट करून विकतची माती भरा.

ओढ्याकाठी

तीन आठवड्यांनी येतोय, उशिराबद्दल क्षमा. सगळ्यांचे मनापासून आभार.

फोन केला. बाईंनी अर्धा तास शांतपणे नकाशा उघडून बोलणं केलं. पाणी सार्वजनिक आहे, विहीर नाही. घर भूजलाच्या पट्ट्याच्या बाहेर आहे. दोन चिंता मिटल्या. मग पूरमैदानाचा नकाशा काढला. परसाचा खालचा तिसरा हिस्सा त्यात येतो. त्याच हिश्श्यात बायकोने अळू योजलं होतं.

मालकांकडे मातीचे नमुने घ्यायची परवानगी मागितली. ते म्हणाले, घ्यायचं तर घर घ्या, खणाखणी नको. एजंट पुन्हा तेच, "सगळं क्लीन आहे." शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं परत तिथे गेलो. लेक धावत सरळ खाली ओढ्याकडे गेली आणि काठी घेऊन चिखलात उकरायला लागली. बायको माझ्याकडे बघत राहिली, एक शब्द बोलली नाही. गाडीत बसल्यावर म्हणाली, "मी हिला रोज 'तिथे जाऊ नको' म्हणत मोठी करणार नाही."

ते घर सोडलं. पण गाव सोडलं नाही! त्याच साउथ प्लेनफील्डमध्ये चढावर दुसरं मिळालंय, जरा लहान, स्वयंपाकघर जुनं. इथे मालकीणबाईंनी स्वतःहून "या, खणा" म्हणून सांगितलं. सहा नमुने घेतले, सगळे ठीक आले. महिनाअखेर ताबा.

आणि एक. ओढ्याच्या कामाच्या ईमेल यादीत मी नाव घातलंय. पुढची सभा असेल तेव्हा जाणार आहे. अबोलीताई, न्यू मार्केट पाँडचं तुम्हीही विचारायला या.

मृण्मयी_बी

किती छान बातमी! सभेला मीही येते, गाडी माझी.

दादूस_मालवणी

अभिनंदन! सभेत विचारा, ओढ्यातला मासा खाण्याजोगा कधी होईल. साल सांगा म्हणावं. चुकलं तर चुकलं, पण साल सांगा.

पंचगंगेचा

दादूसभाऊ, हा प्रश्न मी पण इथल्या कार्यालयात लेखी विचारणार. आमच्या बंधाऱ्यावर मासा मरणार न्हाई असं पहिलं साल कुठलं. उत्तर आलं की इथंच टाकतो.

अबोली

येणार, नक्की येणार. आणि माझ्याकडे अळूचे कंद आहेत, काळ्या देठाचे, आईने आणलेल्यांचे वंशज. ताबा मिळाला की घेऊन जा. चौकट आणि माती तेवढी आधी करून ठेवा.